केनियाला आठ रात्री: काय ठेवायचं, काय गाळायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून चौघं निघणार: तुम्ही दोघं, अकरा वर्षांची मुलगी आणि सहासष्ट वर्षांचे सासरे. हाताशी आठ रात्री. यादीत नैरोबी, नाकुरू, नैवाशा, मसाई मारा, अंबोसेली आणि मोंबासा. टूर कंपनीच्या घोळक्यातून जायचं नाही, नैरोबीतल्या गाडीवाल्याशी थेट ठरवायचं आहे. हे सगळं बसेल का, आणि विमानाची तिकिटं आत्ताच काढू का?

सगळं बसत नाही. आणि तिकिटं काढण्याआधी सासऱ्यांच्या लशीचा निकाल लावा.

पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला यलो फीव्हर कार्ड म्हणतात ते, केनियात शिरण्यासाठी नाही तर भारतात परत येण्यासाठी लागतं. आपल्याकडे हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे, म्हणून सरकार याबाबतीत फार कडक आहे. केनिया आपल्या यादीत आहे. कार्ड नसेल तर नैरोबीच्या चेक-इन काउंटरवरच अडवू शकतात, आणि तिथून सुटलात तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात घेतलेली लस उपयोगाची नाही. एकदा घेतली की जन्मभर चालते. २०१६ पासून तसाच नियम आहे, दहा वर्षांनी पुन्हा टोचून घ्यायची गरज नाही.

ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. बहुतेक केंद्रांवर आधी वेळ घ्यावी लागते, लस आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच देतात, आणि सुट्ट्यांच्या हंगामात ती वेळ दोन-तीन आठवड्यांनंतरची मिळू शकते. मूळ पासपोर्ट न्या. पिवळ्या पुस्तिकेवर नाव आणि पासपोर्ट क्रमांक अक्षरन् अक्षर जुळतात का, शिक्का आणि सही आहे का, हे खिडकीसमोर उभं राहूनच तपासा. घरी आल्यावर चूक सापडली तर पुन्हा खेप.

सासऱ्यांचं वेगळं. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीनंतर पहिल्यांदाच घेताना गंभीर त्रासाचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, थायमस ग्रंथीचा आजार, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर ती देत नाहीत. नेहमीच्या डॉक्टरांचं पत्र आणि चालू औषधांची यादी घेऊन केंद्रावर जा. केंद्राने नकार दिला तर नुसतं ‘चालेल हो, पत्र दाखवा’ यावर विसंबू नका. परतल्यावर त्या पत्राचं काय होणार, हे मुंबई विमानतळाच्या आरोग्य कार्यालयाला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मगच तिकीट. मुलीला दुसरी एखादी जिवंत लस द्यायची असेल तर ती त्याच दिवशी द्या, नाहीतर चार आठवड्यांचं अंतर ठेवा.

व्हिसाचं त्यामानाने सोपं. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा काढून टाकला आणि त्याजागी ई-टीए, म्हणजे ऑनलाइन प्रवासपरवानगी आणली. शुल्क ३० डॉलर आणि वर थोडं प्रक्रियाशुल्क. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, मुलीचासुद्धा. पासपोर्ट पोहोचल्यापासून निदान सहा महिने चालणारा हवा. अर्जात विमान आणि पहिल्या मुक्कामाचं बुकिंग मागतात. अधिकृत संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट डॉट जीओ डॉट केई असा आहे. गूगलवर त्याच्याही वर दिसणारी, हुबेहूब सरकारी थाटाची खासगी पानं त्याच कामाचे दुप्पट-तिप्पट घेतात. निघण्याच्या दोन आठवडे आधी अर्ज करून टाका.

आता मार्ग. मोंबासा या खेपेला गाळा. किनाऱ्यावर जाऊन-येऊन निदान तीन रात्री मोडतात, आणि तुमच्याकडे आहेत आठ. वाईट वाटेल, कारण नैरोबी-मोंबासा रेल्वे छान आहे, पाच-सहा तासांत त्सावोच्या रानातून नेते. मोंबासाच्या फोर्ट जीझसशी आपलं नातंही आहे: १५९३ मध्ये काम सुरू झालं तेव्हा तिथला कारभार गोव्याहून चालत होता आणि आराखडा काढणारा काइराती हा पोर्तुगीज हिंदुस्थानचा मुख्य वास्तुतज्ज्ञ होता. ते पुढच्या वेळी.

नाकुरूही गाळा. त्याचं नाव फ्लेमिंगोंमुळे झालं, पण गेल्या दशकात तळ्याचं पाणी वाढलं, क्षार विरळ झाले, ते पक्षी खातात ते शेवाळ कमी झालं आणि मोठे थवे बोगोरिया तळ्याकडे सरकले. गेंडे बघायला नाकुरू आजही उत्तम. पण ‘गुलाबी तळं’ डोक्यात ठेवून जाणारा हिरमुसतो.

उरलं ते असं बसतं: नैरोबी एक रात्र, नैवाशा एक, मारा तीन, परत नैरोबी एक, अंबोसेली दोन. मारा ते अंबोसेली एका दिवसात करू म्हणणारे चालक भेटतील. नऊ-दहा तास गाडीत बसावं लागतं आणि रस्ता नैरोबीच्या वाहतुकीतूनच जातो. सासरे बरोबर असताना ते करू नका.

पहिल्या सकाळी नैरोबीत शेल्ड्रिकचं हत्तीच्या पोरक्या पिल्लांचं केंद्र बघा. सकाळी अकरा ते बारा एवढाच तास खुलं असतं, आणि जागा ऑनलाइन आधीच राखावी लागते. ऑगस्टची गर्दी बघता विमानाचं ठरलं की लगेच. तिथून जिराफ सेंटर फार लांब नाही. जेवून दोनच्या आत नैवाशाकडे निघा, कारण संध्याकाळी त्या घाटरस्त्यावर ट्रकांची रांग लागते. अंतर जेमतेम नव्वद किलोमीटर आहे, तरी दोन तास धरा.

नैवाशा ठेवण्याचं कारण एकच: तिथे गाडीतून उतरता येतं. तळ्याकाठच्या क्रेसेंट आयलंडवर जिराफ आणि झेब्र्यांमधून पायी फिरता येतं, हिंस्र श्वापदं नाहीत. मुलीला सगळ्या सहलीत हेच जास्त आठवेल असं समजा. बोटीतून पाणघोडे दिसतात. बोटवाला त्यांच्या जवळ जातो म्हणाला तर नको म्हणा, आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. रात्री पाणघोडे चरायला हॉटेलच्या हिरवळीवर येतात. खोलीतून जेवणघरापर्यंत जायचं असेल तर आस्कारीला, म्हणजे पहारेकऱ्याला, हाक मारा. पन्नास पावलांसाठी कशाला, असा संकोच तिथे कोणी करत नाही.

मसाई मारा हा खर्चाचा खरा आकडा, म्हणून जरा थांबून बघू. परदेशी प्रौढाचं प्रवेशशुल्क जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर, तेही दर दिवशी. ९ ते १७ वयाला ५० डॉलर. म्हणजे तुम्हा चौघांचे एका दिवसाचे ६५० डॉलर, गाडी आणि मुक्काम सोडून. आणि तिकीट चोवीस तासांचं नाही, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच. इथेच लोक फसतात. नैवाशाहून निघून दुपारी दोनला पोहोचायचं, जेवून चारला आत शिरायचं आणि सहाला बाहेर यायचं: दोन तासांसाठी ६५० डॉलर गेले. काही पॅकेजांत हीच दुपार ‘पहिली सफारी’ म्हणून मोजलेली असते.

त्यापेक्षा मुक्काम सेकेनानी किंवा तालेक दरवाजाच्या बाहेर जवळच घ्या. पोहोचलात त्या दिवशी पाय मोकळे करा आणि झोपा. पुढचे दोन दिवस पूर्ण घ्या: पहाटे सहाला दरवाजावर, दुपारचं जेवण डब्यात, आत एखाद्या झाडाखाली. चौथ्या सकाळी थेट नैरोबीकडे. तीन रात्री, दोनच तिकिटं. अभयारण्याच्या आत मुक्काम केलात तर निघण्याच्या दिवशी सकाळी दहाच्या आत बाहेर पडावं लागतं, नाहीतर आणखी एका दिवसाचे पैसे. मारा नदीपलीकडचा पश्चिमेचा तुकडा, मारा ट्रँगल, वेगळ्या व्यवस्थापनाकडे आहे. तिकीट कुठल्या भागाचं हे बुकिंगच्या वेळीच विचारा, कारण चालक ‘पलीकडे जाऊ’ म्हणाला की वेगळा खर्च निघू शकतो.

ऑगस्टमध्ये विल्डबीस्टचे, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणांचे, कळप मारात असतात, त्यात फारसा घोळ नाही. नदी ओलांडताना दिसतील का, हे मात्र कोणी सांगू शकत नाही, कितीही खात्री देवो. कळप काठावर येतो, पुढचे थबकतात, मागचे रेटतात, मग एखादा झेब्रा दचकतो आणि सगळे मागे फिरतात. हे तीन-चार तास चालू शकतं आणि तेवढा वेळ गाडीतून उतरता येत नाही. सासऱ्यांच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा: त्या दिवशी पाणी बेताने प्यायचं, आणि लघवीला जायचंय हे चालकाला अर्धा तास आधी सांगायचं, म्हणजे तो जागा पारखून गाडी उभी करतो. लाजून गप्प बसण्यापेक्षा पहिल्याच दिवशी हे ठरवून टाका. काठावर आधीच वीस-तीस गाड्या दाटल्या असतील तर चालकाला मागेच थांबायला सांगा. गाड्यांनी वाट अडवली की जनावरं उतरत नाहीत.

गाडीबद्दल. दोन प्रकार मिळतात: छत वर उचलणारी व्हॅन आणि तसंच छत असलेली लँड क्रूझर. व्हॅन स्वस्त. पण मारातली माती आपल्या मराठवाड्या-विदर्भासारखी काळी कापसाची आहे. केनियातही तिला ब्लॅक कॉटनच म्हणतात. पाऊस पडला की ती काय करते हे आपल्याला वेगळं सांगायला नको. ऑगस्ट मुख्य पावसाळ्यात मोडत नाही, तरी मारात दुपारची एखादी सर कधीही येते, आणि एका सरीनंतर व्हॅन रुतते, क्रूझर निघते. दुसऱ्या गाडीने दोर बांधून ओढेपर्यंत तुमच्या महागड्या दिवसातले दोन तास गेलेले असतात. क्रूझरच घ्या.

गाडीवाल्याला पैसे पाठवण्याआधी हे लेखी घ्या: गाडी फक्त तुमचीच का, इंधन, चालकाचं जेवण आणि मुक्काम धरलाय का, किलोमीटरची मर्यादा आहे का, प्रवेशशुल्क धरलंय का आणि किती दिवसांचं, गाडी बंद पडली तर दुसरी किती तासांत. कंपनी पर्यटन नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेली हवी; काटो या सहलचालकांच्या संघटनेची सदस्य असेल तर बरं. चालक-मार्गदर्शकांची तिकडे परीक्षा होते, कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या आहेत. रौप्य बिल्ल्याचा माणूस मिळाला तर थोडे जास्त द्यायला हरकत नाही. सिंह शोधण्याचं अर्धं काम डोळ्यांचं आणि अर्धं ओळखीचं असतं, आणि त्याच्याकडे दोन्ही असतं. रस्ता सोडून गवतात गाडी घालायला त्याला भरीस घालू नका. आत ते बेकायदा आहे, दंड त्याला होतो. रात्रीची सफारी, पायी फिरणं हे हवं असेल तर अभयारण्याला लागून मसाईंच्या जमिनींवर नाबोईशो, मारा नॉर्थ अशी राखीव क्षेत्रं आहेत. तिथे तिथल्याच पाहुण्यांना प्रवेश, गर्दी कमी, पैसे जास्त.

अंबोसेलीत हत्ती जवळून दिसतात आणि मागे किलिमांजारो, जो खरं तर टांझानियात आहे. डोंगर सकाळी सहा ते नऊ दिसतो, मग ढग त्याला गिळतात. ऑगस्टमध्ये एखादी सकाळ डोंगर न दिसताच जाते, म्हणून दोन रात्री. तिथली धूळ पिठासारखी बारीक आणि खारी आहे. सासऱ्यांना दमा असेल तर इनहेलर खिशात, बॅगेत नाही. नैरोबीहून मोंबासा रस्त्याने एमालीपर्यंत जाऊन वळायचं, साधारण चार-पाच तास. अंबोसेलीत दरवाजावर रोख घेत नाहीत. सरकारी पोर्टलवरून कार्डाने किंवा एम-पेसा या मोबाइलवरच्या पैशांच्या सेवेने भरावं लागतं, आणि नेमकं दरवाजावर नेटवर्क नसतं. आदल्या रात्री भरून पावती फोनमध्ये उतरवून ठेवा.

पैशांचा पुढचा भाग. एम-पेसा म्हणजे त्यांचं यूपीआय म्हणा, फक्त ते २००७ पासून चालू आहे. पासपोर्टवर सफारीकॉमचं सिम मिळतं आणि त्यावर एम-पेसा उघडता येतं. टपरीपासून टॅक्सीपर्यंत सगळीकडे चालतं. डॉलरच्या नोटा २०१३ नंतर छापलेल्या, न दुमडलेल्या, न लिहिलेल्या न्या. जुन्या नोटा तिथे कोणी हातात धरत नाही, आणि आपल्या मनी चेंजरकडे अशा नोटा मुद्दाम मागाव्या लागतात. निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर चालू करा.

कपड्यांबाबत सगळ्यांचा एकच गैरसमज असतो: आफ्रिका म्हणजे ऊन. नैरोबी जवळजवळ १,८०० मीटरवर आहे आणि जुलै-ऑगस्ट हा तिथला सगळ्यात गार काळ. मारात पहाटे दहा-बारा अंश असतं, वर गाडीचं छत उघडं. स्वेटर, वारा अडवणारं जाकीट आणि सासऱ्यांना कानटोपी. दुपारी मात्र टोपी आणि सनस्क्रीन लागतंच. गडद निळे आणि काळे कपडे नकोत. त्सेत्से माशी या रंगांकडे येते आणि पँटवरूनही चावते. लष्करी छापाचे कपडे केनियात घालता येत नाहीत, मुलीच्या तशा छापाच्या टोपीकडेही एकदा बघून घ्या. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून कडक बंदी आहे. बुटांना, ओल्या कपड्यांना आपण सवयीने पिशव्या गुंडाळतो, त्या काढा आणि कापडी घ्या. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या उद्यानांत चालत नाहीत, प्रत्येकाची स्टीलची बाटली असू द्या. ड्रोन घरीच ठेवा. प्लगला चौकोनी तीन पिनांचं, इंग्लंडमध्ये चालतं ते अ‍ॅडाप्टर.

शाकाहारी असाल तर काळजी नको. नैरोबीच्या पार्कलँड्समध्ये गुजराती वस्ती जुनी आहे, थाळीपर्यंत सगळं मिळतं. कॅम्पवर आधी कळवा. स्थानिक जेवणात चपाती आहे, तिचं नावही चपातीच. कचुंबरीला ते काचुम्बारी म्हणतात. सुकुमा विकी ही परतलेली पालेभाजी आणि उगाली हा मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आपल्या उकडीच्या जवळचा. घेवड्याच्या उसळीसारखं महाराग्वे. ‘सिली न्यामा’ म्हणजे मी मांस खात नाही, हे दोन शब्द पाठ करा आणि गिथेरी, म्हणजे मका-घेवड्याची उसळ, घेताना रस्सा मांसाचा नाही ना हे विचारा. मेतकुटाची बाटली बरोबर असेल तर कॅम्पवरच्या साध्या भातावर सासरे खूश.

भाषेत एकच खरा सापळा आहे, वेळेचा. स्वाहिलीत घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, एक वाजला. शहरात इंग्रजी वेळच सांगतात, पण गावाकडचा माणूस ‘एक वाजता येतो’ म्हणाला तर सकाळचे सात की दुपारचा एक, ते बोटाने घड्याळावर दाखवून घ्या. भारतापेक्षा केनिया अडीच तास मागे आहे. वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणायची पद्धत आहे. मुलीने म्हातारबाबांना तसं म्हटलं की ‘माराहाबा’ असं उत्तर येतं आणि पुढचं सगळं सोपं होतं. मसाईंचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, पैसे आधीच ठरवा.

विम्यात विमानाने हलवण्याचा खर्च धरलाय का ते वाचा. मारातून गंभीर रुग्णाला रस्त्याने नैरोबीला आणायला पाच-सहा तास लागतात, म्हणून आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सची हवाई रुग्णवाहिका तिथे नेहमीची गोष्ट आहे. रात्री महामार्गावर प्रवास ठेवू नका. न दिसणारे ट्रक आणि रस्त्यात आलेली जनावरं, दोन्ही असतात.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याच. नैरोबीत धोका कमी, मारात आहे. डॉक्सिसायक्लिन दिली तर निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची आणि परतल्यावर पुरे चार आठवडे. घरी आल्यावर सोडून देणं हीच नेहमीची चूक, कारण रोगजंतू आधी यकृतात दडतात आणि रक्तात नंतर उतरतात. ती जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. परतल्यावर दोन-तीन महिन्यांत कोणालाही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘आम्ही केनियाहून आलोय’ हे सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासा. पुण्यात पावसाळ्यात ताप म्हटलं की आधी डेंग्यूचाच विचार होतो, आणि तिकडचा फॅल्सिपेरम मलेरिया दोन दिवस थांबत नाही.